राब आणि एक इंग्रजी शब्द

२०२३ साल. माझं वय सत्याहत्तर. दाखल्यावर दोन वर्षं कमी, कारण मास्तरांनी ते अंदाजानं लिहिलेलं. शाळा तिसरीपर्यंत. पण पासली गावाच्या आमच्या बाजूला राब कधी भाजायचा, हे लोक मला विचारायचे. खाली शेण, वर वाळल्या फांद्या, मग गवत, मग मातीचा पातळ थर. वारा पडला की पेटवायचं. त्या भाजल्या मातीत भाताचं रोप जोमानं येतं. माती पसरायला बायको असायची. ती गेल्यापासून तेही मीच करतो.

त्या मे महिन्यात देवळात बैठक झाली. बाहेरून आलेला साहेब ट्रेमधली रोपं दाखवत होता, यंत्रानं लावायची. मी उठून राबाचं सांगायला लागलो. दोन वाक्यं ऐकून तो म्हणाला, "बाबा, ते आता रिलेव्हंट नाही." लोक हसले. मी खाली बसलो. त्या शब्दाचा अर्थ चारचौघांत विचारणं मला जमण्यातलं नव्हतं.

घरी नातीला विचारलं. ती भोरला कॉलेजात जाते. म्हणाली, चालल्या कामाशी ज्याचा संबंध असतो ते रिलेव्हंट. वाक्यात घालून सांग म्हटलं. तर म्हणे, पेपरात भाताचं विचारलं आणि मी उसाचं लिहिलं, तर ते रिलेव्हंट नाही.

"पर म्या भाताचंच बोलत व्हतो की," मी म्हटलं.

ती मोबाईलात बघून सांगते म्हणाली, पण बघितलं नाही.

जेवताना मुलगा सहज बोलून गेला की सगळ्या खाचरांसाठी ट्रेची रोपं सांगून ठेवलीत.

"राब रचून ठिवलाय म्या. मला इचारलं न्हाईस?"

"तुमाला काय इचारायचं त्यात, आबा," तो म्हणाला आणि सुनेला भाकरी वाढायची खूण केली. पोरगं वाईट नाही. रागानं बोलला असता तर भांडलो तरी असतो. शब्दाचा अर्थ नातीनं सांगितला होता, तो वापरतात कसा ते तेव्हा कळलं. अर्धी भाकरी ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वारा पडलेला होता. काड्याची पेटी घेऊन खाचरावर गेलो आणि राब पेटवला. ठिणगी गवतात जाऊ नये म्हणून ओली डहाळी घेऊन पार विझेपर्यंत उभा राहिलो. त्यात बी पडणार नव्हतं.