एकोणीस इंची चाकं

मी बायकांना मोटार चालवायला शिकवते. हे काम सुरू केलं तेव्हा बडोद्यात शिकवणारे सगळे पुरुष होते आणि ते शेजारच्या सीटवरून ओरडत. मी ओरडत नाही. माझ्या जुन्या छोट्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच बसवून घेतला आहे, त्यामुळे ओरडायची गरज पडत नाही. आमचं घर जुन्या शहरातल्या वाडीत. गल्ली इतकी अरुंद की ती छोटी गाडीसुद्धा तोंडाशी उभी करावी लागते. शिकायला येणाऱ्या बायका तिथपर्यंत येतात आणि तिथूनच आम्ही निघतो.

अलकापुरीतल्या वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्यांचे यजमान माझ्या थोरल्या भावाच्या वर्गातले, म्हणून ते माझे दादा आणि या वहिनी. दादांचा पंपांचा कारखाना. बाजार खुला झाल्यावर त्यांनी बाहेरच्या कंपन्यांचं काम घेतलं, ते वाढलं, आणि स्कूटरवरून निघालेला माणूस पंधराएक वर्षांत परदेशी बनावटीच्या मोठ्या गाडीपर्यंत पोचला. चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते अशी ती गाडी. त्या काळात तशा गाड्या बडोद्यात बोटांवर मोजण्याएवढ्याच होत्या.

"घरी गाडी आहे, ड्रायव्हर आहे. शिकायचं कशाला?" मी वहिनींना पहिल्याच दिवशी विचारलं. सगळ्यांनाच विचारते. उत्तरावरून किती दिवस टिकतील ते कळतं.

"माझी आई इथून जवळच, पादरा गावी, एकटी असते," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी जाते मी. पण साडेतीनला यांना कारखान्यातून कुठे कुठे जायचं असतं, म्हणून ड्रायव्हर मला दोन वाजताच निघायला उठवतो. आई जेवून झोपते. चारला उठते, चहा घेते, आणि मग बोलायला लागते. तोवर मी इथे परत आलेली असते, ताई."

या बाई टिकणार, हे तेव्हाच समजलं.

त्या शिकल्या. हुशार नव्हत्या, पण चिकाटीच्या होत्या. माझ्या गाडीवर दोन महिने आणि मग त्यांच्या मोठ्या गाडीवर दोन आठवडे, मी शेजारी बसून. त्यानंतर दर गुरुवारी दादा आणि ड्रायव्हर कारखान्याची दुसरी गाडी नेऊ लागले आणि वहिनी मोठी गाडी घेऊन एकट्या पादऱ्याला जाऊ लागल्या. चार महिने असे गेले. संध्याकाळी सहाच्या सुमारास मला फोन यायचा, "पोचले हं ताई." एवढंच. मी "बरं" म्हणून ठेवून द्यायची.

दसरा जवळ आला तसं दादांच्या मनात चाकांनी घर केलं. त्यांच्या कुणा मित्राने अहमदाबादेत गाडीला मोठी चाकं बसवून घेतली होती. वहिनींनी मला बरोबर बोलावलं, "तुम्हाला त्यातलं कळतं" म्हणून. अलकापुरीतलंच टायरचं दुकान. मालक वयस्कर गुजराती गृहस्थ, त्यांना सगळे काकाच म्हणत. भिंतीवर चाकं टांगलेली, चांदीच्या भांड्यांच्या दुकानासारखी.

गाडीची मूळची चाकं सतरा इंची होती. दादांना एकोणीस हवी होती.

"काका, सतराच्या चाकांवर ही गाडी म्हणजे पैठणीखाली रबरी चपला," दादा म्हणाले.

"रबरी चपलेत पाय सुखात असतो, दादा," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही शाळामास्तरीणच राहणार."

काकांनी समजावून सांगितलं. बाहेरून चाकाची उंची जवळजवळ तेवढीच ठेवावी लागते, नाहीतर ते आत घासतं आणि काटा वेग चुकीचा दाखवतो. म्हणजे आतली धातूची रिम मोठी झाली की बाहेरच्या रबराची जाडी कमी होणार. शिवाय या गाडीला चारही चाकं सारखीच लागतात. पुढे एका मापाची आणि मागे दुसऱ्या मापाची घातली तर आतले गिअर आपसात भांडत बसतात. मी रिमच्या कडेपासून टायरच्या काठापर्यंत बोटं लावून पाहिली. सतराच्या चाकावर पाच बोटं बसत होती, एकोणीसवर जेमतेम चार.

"अठरा पण आवे छे, शेठ," काका म्हणाले. "आपणा रस्ता माटे सारां." आपल्या रस्त्यांसाठी ती बरी.

"अठरा काय? धड ना इकडे, ना तिकडे." दादांनी एकोणीसवर हात ठेवला.

एका बोटाएवढं रबर कमी झालं की खड्ड्याचा मार कुठे जाणार, हे मला त्या वेळी दिसत होतं. पण गाडी त्यांची, हौस त्यांची, आणि मी एकदा टोमणा खाल्ला होता. मी गप्प बसले. जुनी चाकं काकांनीच ठेवून घेतली.

आमच्या सासरी खंडेनवमीला एक जुनी तलवार पाटावर मांडतात. सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यांची ती. तिच्या शेजारी माझ्या गाडीची किल्ली सासूबाईंनी पहिल्या वर्षीच ठेवली होती, मला न विचारता. त्या वर्षी पूजा आटोपली आणि दुसऱ्या दिवशी मी सोनं द्यायला अलकापुरीत गेले, तर मोठ्या गाडीला झेंडूची माळ, चारही नव्या चाकांना हळदकुंकू. गाडी खरंच देखणी दिसत होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. वहिनी मात्र कोपऱ्यात मला म्हणाल्या, "मागे बसलं की कंबर दुखते हो."

पुढचे दोन गुरुवार पाहुण्यांमुळे त्यांचं जाणं झालं नाही. गाडी दादांकडे आणि ड्रायव्हरकडेच होती. तिसऱ्या गुरुवारी वहिनी निघाल्या. दुपारी बाराला फोन आला.

"ताई, खड्ड्यात आदळली. डाव्या पुढच्या टायरला फुगा आलाय. रिमची कडसुद्धा वाकलीय."

"तुम्हाला लागलं का?"

"नाही."

"मग रडू नका. गाडी कडेला घ्या, ड्रायव्हरला बोलवा, तो जादाचं चाक लावेल. गाडी हळू परत आणा."

त्या दिवशी पादरा झालं नाही. संध्याकाळी जेवताना दादा एवढंच म्हणाले, "राहू दे आता. ड्रायव्हर आहे ना." आणि किल्ली, जी फ्रिजवरच्या टोपलीत असायची, ती त्यांच्या खिशात गेली.

त्यानंतर तीन गुरुवार वहिनी ड्रायव्हरबरोबर कारखान्याच्या गाडीतून गेल्या आणि दोन वाजता उठून आल्या. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी त्या वाडीत चालत माझ्या दाराशी आल्या.

"यांना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. चाकांचा दोष आहे, माझा नाही, असं सांगा."

"आधी जागा बघू," मी म्हटलं.

माझ्या गाडीतून आम्ही पादऱ्याच्या रस्त्याला लागलो. खड्डा अजून तिथेच होता, डाव्या कडेला, चुलीएवढा, कडा उभ्या तुटलेल्या. मी खाली उतरून पाहिलं. खड्ड्याच्या अलीकडे रस्त्यावर टायर घासल्याचं काहीच दिसत नव्हतं, इतक्या दिवसांनी दिसणारही नव्हतं. म्हणून विचारलं.

"ब्रेक मारलात?"

"मारला ना."

"आणि सोडला कधी?"

त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या. "सोडला नाही."

मी हे प्रत्येकीला शिकवते. खड्डा चुकवता येत नसेल तर आधी ब्रेक लावा, आणि चाक आत पडायच्या क्षणी पाय उचला. ब्रेक धरून ठेवला तर गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि चाक कडेवर आपटतं. माझ्या छोट्या गाडीच्या जाड टायरवर ही चूक खपून जाते. त्या चार बोटांच्या टायरवर खपली नाही.

"ताई, हे यांना सांगू नका," वहिनी म्हणाल्या.

"ते विचारतील तर खोटं सांगणार नाही."

परतताना मला माझाही राग आला होता. चाकं बदलल्यावर मी एक दिवस त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. नवी चप्पल घातली तरी माणूस दोन दिवस जपून चालतो.

शनिवारी काकांच्या दुकानात आम्ही सगळे जमलो. दादांना वाकलेली रिम दुरुस्त करून आणि एक टायर नवा घालून प्रकरण मिटवायचं होतं. काका म्हणाले, एक उतरलंच आहे तर बाकीची तीनही काढून सगळी यंत्रावर फिरवून बघू. गाडी वर उचलली. एकेक चाक यंत्रावर चढवून फिरवायचं. रिम सरळ असेल तर तिची कड फिरतानाही जागची हलत नाही. वाकली असेल तर डोलते.

डावं पुढचं चाक डोललं, ते अपेक्षितच होतं. डावं मागचं सरळ फिरलं. मग उजवं पुढचं लावलं. ते डोललं.

"आ पण वांकी छे," काका म्हणाले.

उजवं मागचं त्याहून जास्त डोललं.

दादा म्हणाले, "ड्रायव्हर नीट बघत नाही."

"मग त्याचीही किल्ली काढून घ्या," मी म्हटलं.

"ताई, टोमणे मारू नका."

वहिनी चाकाकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "मी या चाकांवर एकदाच गाडी नेली. खड्डा डाव्या बाजूला होता. आणि रविवारी ड्रायव्हरला सुट्टी असते. रविवारी एक्सप्रेस हायवेवर गाडी कोण नेतं हो?"

काका पान्हा शोधायला आत गेले. पान्हा त्यांच्या हातातच होता.

दादांनी दोन्ही उजव्या रिमांवरून अंगठा फिरवला. एका ठिकाणी अंगठा थांबला, परत तिथेच आला. "नडियादच्या अलीकडे काहीतरी लागलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, फळी-बिळी असेल."

वहिनी इथे थांबल्या असत्या तर जिंकल्या असत्या. मी तर थांबले असते.

"डावं पुढचं मात्र माझंच," त्या म्हणाल्या. "मी ब्रेक धरून ठेवला. ताईंनी शिकवलं होतं, ऐन वेळी विसरले. चाकं मऊ असती तर वाचलं असतं, पण चूक झाली ती झाली."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली.

"मग आता?" ते म्हणाले.

"आता चाकं बदला," वहिनी म्हणाल्या. "आणि किल्ली टोपलीत ठेवा."

जुनी सतराची चाकं काकांनी केव्हाच विकली होती. वहिनींनी तसलीच मागितली. दादा म्हणाले, सतरा दिसायला फारच बारीक, लोक काय म्हणतील. बरीच हुज्जत झाली. शेवटी वहिनींनी भिंतीवरून अठराचं एक चाक उतरवायला लावलं, टायरवर बोटं लावली आणि मोजली. पाचवं बोट पूर्ण नाही, पण बरंचसं बसलं.

"धड ना इकडे, ना तिकडे," त्या म्हणाल्या. "चालेल."

दादा हसले. त्यांनीच तो आकडा धुडकावला होता, हे त्यांना आठवत असावं. रिमचा नमुना त्यांनी निवडला, ती हौस त्यांना राहू दिली. एकोणीसची चाकं काकांनी दुरुस्त करून विकायला ठेवून घेतली.

"पण पहिल्यांदा ताई शेजारी बसतील," दादा निघताना म्हणाले.

"ताईंना वेळ आहे का ते आधी विचारा," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी माझे दोन क्लास असतात. दोन्ही शुक्रवारवर ढकलले आणि गेले. मोठ्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही, आणि अटलादऱ्याच्या पुढे येईतो माझा उजवा पाय खालची चटई दाबतो आहे हे माझ्या लक्षात आलं. खड्डा एव्हाना विटांच्या तुकड्यांनी अर्धवट भरला होता. समोरून ट्रक येत होता, चुकवायला जागा नव्हती. वहिनींनी ब्रेक लावला. मग पाय उचलला. गाडी धप्प करून उतरली आणि वर आली.

पादऱ्याला त्यांच्या आई ओट्यावरच उभ्या होत्या. जेवण झालं, त्या झोपल्या, चारला उठल्या आणि चहा करून आणला. तीन कपबश्या आणि एक स्टीलचा पेला. गेल्या काही आठवड्यांत त्यांना परत ड्रायव्हरची सवय झाली होती.

"हा बाहेर दे त्याला," त्या लेकीला म्हणाल्या.

वहिनींनी पेला उचलला, फुंकर घातली आणि स्वतःच पिऊ लागल्या. त्यांच्या आई क्षणभर बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि शेजारच्या घराच्या भिंतीवरून चाललेल्या भांडणाची हकिकत पहिल्यापासून सांगायला लागल्या. आम्ही निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते.