डबा रिकामा कसा द्यायचा?

मीठ जिभेलासुद्धा लावलेलं नाही, असं मी एकदा डॉक्टरांना लेकीची शपथ घेऊन सांगितलं होतं, आणि सांगत होते तेव्हा माझ्या दाढेत शेव अडकलेली होती. जिभेनं ती उकरत उकरतच मी शपथ पुरी केली. हे मी आता नातवंडांपुढे कबूल करते, तर ती म्हणतात, आजी, तू खोटारडी होतीस. खोटारडी नव्हते रे बाबांनो, येडी होते. खोटारड्या बाईला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं.

लेक तेव्हा चार वर्षांची होती. अंबडला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकांचं किराणा दुकान, दुकानामागे त्यांचं घर आणि मागच्या अंगणात त्यांची म्हैस. मालक सदा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यामुळे दुकान चालवायच्या त्या त्यांच्या बायको, आमच्या काकू. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, जवळच्याच शाळेत शिकवायचे. दिवाळीनंतर माझ्या अंगावर सूज आली. आधी डोळ्यांखाली, मग पायांवर, इतकी की जोडवी काढायला साबण लावावा लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत तापवली, ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली, आणि ते म्हणाले, मूत्रपिंडाचं दुखणं आहे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "या गोळ्यांनी सूज उतरेल, पण बाहेरचा रोग आला तर त्याच्याशी लढायची अंगातली ताकद झोपेल. कांजिण्या लागल्या तर मी काही करू शकणार नाही."

मला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या. मास्तरांच्या शाळेत मात्र निम्मा दुसरीचा वर्ग अंगभर फोड घेऊन घरी बसला होता. म्हणून लेकीला टेंभुर्णीला माझ्या आईकडे धाडलं. मास्तरांना कांजिण्या येऊन गेल्या का, हे त्यांना आठवेना. त्यांच्या आईला विचारलं तर त्या म्हणाल्या, "काहीतरी आल्तं बाबा तुला, पण तुला आल्तं की तुझ्या भावाला, ध्यानात न्हाई." एवढ्या पुराव्यावर डॉक्टर काही ऐकेनात. मास्तरांनी आपली पथारी शाळेच्या एका खोलीत हलवली. राहिले मी एकटी, मीठ बंद आणि माणसं बंद. सूज सहा आठवडे पुरती गेलेली दिसली की गोळ्या कमी होणार होत्या, आणि गोळ्या कमी झाल्या की लेक घरी येणार होती. माझं सगळं लक्ष त्या एका गोष्टीकडे होतं. म्हणजे असायला हवं होतं.

रोज शाळा सुटली की मास्तर गॅलरीखाली उभे राहायचे. संसाराच्या सगळ्या गोष्टी आम्ही भर रस्त्यावर बोलायचो, त्याही ओरडून.

"नडगी दाबली का?"

"दाबली."

"खड्डा पडून राह्यला का?"

"पडतो, पण लगेच भरतो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी आहे. एकदा सायकलवरून चाललेला एक माणूस थांबला. "मास्तर, कुठं खड्डा पडला?" मास्तर म्हणाले, "घरातल्या घरात हाय, तुम्ही जा."

किराण्यासाठी आम्ही विहिरीच्या पोहऱ्याची जुनी दोरी भाजीच्या टोपलीला बांधली होती. काकू खालून हाक मारायच्या, "मास्तरीणबाई, टोपली सोडा!" मी टोपली सोडायची, त्या सामान ठेवायच्या, मी ओढून घ्यायची. मास्तरांचा हुकूम असा, की वर येईल ती प्रत्येक वस्तू कढत पाण्यानं धुवायची, कारण पुड्या बांधायला काकू रद्दीतल्या जुन्या वह्या वापरायच्या आणि त्या वह्या शाळेतल्या पोरांच्या. पहिल्या दिवशी मी आज्ञाधारकपणे सगळ्या पुड्यांवर कढत पाणी ओतलं. साखरेचा पाक झाला. बेसनाचं पिठलं झालं. चहाच्या पुडीचं काय झालं ते सांगायला नको. गॅलरीतून मी काकूंना ही हकीकत सांगितली, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं माय! शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं? उद्यापासून माझ्या स्टीलच्या डब्यात देते. त्याला काय धुवायचं ते धू."

इथून माझं खरं दुखणं सुरू झालं.

पहिला डबा तूरडाळीचा आला. डाळ मी काढून घेतली, डबा घासला, पुसला, टोपलीत ठेवला आणि दोरी हातात धरून तशीच उभी राहिले. डबा रिकामा होता. शेजारणीचं भांडं आपल्या घरातून रिकामं जाऊ द्यायचं नाही, हे आमच्याकडे पोरीला वेणी घालता येण्याआधी शिकवतात. निदान चिमूटभर साखर घालतात. पण साखर तर काकूंच्याच दुकानातली. त्यांच्याच डब्यात त्यांचीच साखर घालून त्यांनाच द्यायची? माल परत केल्यासारखं दिसलं असतं. आजारी माणसाला हे सगळं माफ असतं, हे मला सुचायला हवं होतं. तेव्हाच्या माझ्या डोक्यात तेवढं सोडून बाकी सगळं सुचत होतं. मी टोपलीतून डबा बाहेर काढला, होतं नव्हतं ते बेसन भिजवलं आणि शेव पाडली.

काकूंनी डबा उघडला आणि खालूनच ओरडल्या, "अगं, एवढ्या दुखण्यात शेव? मंग मी कशी गप बसू?" दुसऱ्या दिवशी टोपलीत दोन डबे आले. एकात मी मागवलेलं बेसन, दुसऱ्यात माझ्यासाठी दुधातली बिनमिठाची दशमी. आता दोन डबे भरून द्यायचे होते. एकात शेव, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी. मग काकूंचे तीन डबे आले. मग त्यांच्या नणंदेचा एक डबा मध्येच घुसला, तो का ते मला आजही माहीत नाही. मी धपाटे थापले, चिवडा केला, खारे शंकरपाळे तळले. बेसन संपलं की बेसन मागवायची, ते बेसन डब्यातून यायचं, आणि तो डबा भरून द्यायला त्यातलंच बेसन लागायचं. दिवसभर पडून राहायला सांगितलेली बाई मी, सकाळी चुलीपाशी बसायची ती दुपारी उठायची, आणि स्वतः बिनमिठाचं वरण गिळायची.

मास्तरांना एकदा शंका आली. ते खालून म्हणाले, "काकू सांगत होत्या, तुला आठवड्याला दोन किलो बेसन लागून राह्यलंय. एकट्या माणसाला?"

"तोंड धुते मी बेसनानं."

"दोन किलो?"

"गोळ्यांनी तोंड केवढं झालंय बघा की!"

मी वाकून दाखवलं. खरंच ते परातीएवढं झालं होतं. मास्तरांना ते पटलं. विज्ञान शिकवायचे ते, पण बायकांच्या तोंड धुण्याबद्दल त्यांना काही माहिती नव्हती.

आता मिठाचं सांगते. दुसऱ्याच्या घरी पाठवायचा पदार्थ मिठाला बरोबर आहे की नाही, हे चाखल्याशिवाय कसं कळणार? आजारणीच्या हातचं अळणी आलं, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्या गॅलरीतून उडी मारली असती. म्हणून मी पीठ चाखायची. पहिला घाणा निघाला की चाखायची. शेवटच्या घाण्यात तेल बदललं का, म्हणून परत चाखायची. चटणी तर कुटताना तीनदा. त्या गोळ्यांनी भूकही राक्षसासारखी लागायची, त्यामुळे माझं चाखणं मूठभर असायचं. पण ते खाणं नव्हतं. खाणं म्हणजे ताट घेऊन, पाटावर बसून. हे तर उभ्यानं होतं.

पाचव्या आठवड्यात नडगीवरचा खड्डा भरायला वेळ लागू लागला. मी काय केलं असेल? अंगठा हळू दाबायला लागले. खड्डा लहान पडायचा, लवकर भरायचा. खालून मास्तर विचारायचे, मी म्हणायची, उत्तम. त्याच आठवड्यात टेंभुर्णीहून पोस्टकार्ड आलं. लेकीनं सांगितलेलं माझ्या भावानं लिहिलं होतं: "आई, पायाचा खड्डा बुजला का? मी पिशवी भरून ठेवली आहे. पिशवीत बाहुली आहे, तिला आत अंधार वाटतो. लवकर सांग." ते कार्ड मी दिवसभर हातात घेऊन बसले. म्हणजे एका हातात. दुसऱ्या हातात झारा होता.

सहावा आठवडा संपला तसे आम्ही भाड्याच्या जीपनं जालन्याला गेलो, मी तोंडाला ओढणी गुंडाळून मागे, मास्तर पुढे. डॉक्टरांनी नडगी दाबली. त्यांनी काही हळू दाबली नाही. पडलेल्या खड्ड्यात वाटीभर पाणी मावलं असतं. नळीतली लघवी पुन्हा गोठली.

"मीठ खाता?"

"लेकीची शपथ डॉक्टर, जिभेलासुद्धा लावलेलं नाही."

"लोणचं, पापड?"

"बघितलेलंसुद्धा नाही," मास्तर मध्येच म्हणाले. "पथ्याला एकदम पक्की आहे ती."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि म्हणाले, "अजून सहा आठवडे. मुलीला आणू नका."

परतताना मास्तर पुढेच तोंड करून बसले. बदनापूर मागे पडलं की काय असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "ते दुसऱ्या वाटेवर हाय," आणि रुमालानं चष्मा पुसायला लागले. घरी येऊन मी खूप रडले. रडून झाल्यावर काकूंचे तीन डबे ओट्यावर दिसले. मी डोळे पुसले आणि कढई ठेवली. आहे की नाही कमाल?

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीसारखे गॅलरीखाली आले. काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. माझं मन जरा हलकं व्हावं म्हणून की काय, त्या वर बघून म्हणाल्या, "काही म्हण मास्तरीणबाई, मीठ कसं बराबर पडतं गं तुझ्या हातून! रोजचं रोज, बिलकुल कमी न्हाई की जास्त न्हाई."

स्तुती ऐकली की माझी जीभ सुटते. तेव्हा तर ती टोपलीसारखी सरसर खाली गेली.

"उगीच नाही पडत काकू," मी म्हणाले. "प्रत्येक घाण्याला चाखते मी!"

 काकूंनी हळूच तोंडावर पदर घेतला. मास्तर वर बघत राहिले. मीही खाली बघत राहिले, आणि मला कळेना की ही दोघं अशी का बघतायत. मग मास्तर विचारायला लागले, अगदी वर्गात विचारतात तसं.

"कसला घाणा?"

"शेवेचा."

"रोज?"

"कधी चटणी असते."

"आणि त्यात मीठ?"

"अहो, बिनमिठाची शेव कोण..." एवढं बोलले आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. दीड महिना उशिरा. मास्तर काकूंच्या पायरीवर मटकन बसले. "तोंड धुते म्हणाली होती," ते काकूंना सांगत होते. "मला म्हणाली, तोंड धुते."

काकूंनी मात्र मला सोडलं नाही. भर गल्लीत त्या कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "उद्यापासून माझा डबा रिकामा यायचा! घासायचा बी न्हाई! रिकामा न्हाई आला तर किराणा बंद, सांगून ठेवते!"

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा रिकामा डबा खाली सोडला. खोटं नाही सांगत, शेजारणीपुढे उघड्या डोक्यानं जावं तसं वाटलं मला. टोपली खाली पोचेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून डब्यात तुळशीचं एक पान टाकलं. काकूंनी ते पान दोन बोटांत धरून अख्ख्या गल्लीला दाखवलं आणि टोपलीत घालून वर पाठवलं. मग मी सुधारले. सहा आठवडे नुसती पडून राहिले, आढ्याकडे बघत, अंगठा जोरात दाबत. खड्डा लहान झाला, मग भरायला लागला, मग पडेनासाच झाला. डॉक्टरांनी नळीतली लघवी तापवली, ती पाण्यासारखी स्वच्छ राहिली. त्यांनी गोळ्या निम्म्या केल्या. शाळेतल्या कांजिण्याही तोवर सरल्या होत्या.

लेक टेंभुर्णीहून आली ती दुपारच्या एसटीनं, आजीच्या कडेवर. मला बघून तिनं आधी तोंड फिरवलं, मग माझी साडी वर करून नडगी तपासली, आणि खड्डा नाही म्हटल्यावर मांडीत येऊन बसली.

त्या संध्याकाळी मी काकूंचा एक डबा शेवेनं भरला, या वेळी न चाखता, आणि जालन्याच्या फेऱ्या सोडल्या तर तीन महिन्यांत पहिल्यांदा जिना उतरून तो त्यांच्या हातात दिला. म्हटलं, काकू, माझ्या शेवेपायी मी लेकीला दीड महिना जास्त आजोळी ठेवलं, पण तुमच्या घरानं ती गोडीनं खाल्ली, एवढं तरी समाधान आहे. काकूंनी डबा घेतला, लेकीच्या गालाचा मुका घेतला, मागच्या अंगणाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या,

"आता पोरगी घरी आली म्हणून सांगते, मास्तरीणबाई, रागावू नको. रोज रोज शेव कोण खाईल गं? मी म्हशीला घालत होते. तुझं मीठ बराबर असायचं ते तिच्या जिभेला. तू बंद केलंस तवापासून दूध चोरून राह्यलीय ती."