नानाकाका पुसट आले

आमच्या घरातलं भांडण मिटवण्याचा मान मला मिळाला नाही. ते पुन्हा पेटवण्याचा मात्र पूर्णपणे माझाच.

जळकोटच्या माझ्या दोन काकांचं शेताच्या बांधावरून बोलणं बंद होतं. दादाकाका थोरले, नानाकाका धाकटे. दादाकाकांच्या मुलीच्या साखरपुड्याला नानाकाका आपणहून आले आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. दोघांचा एकत्र फोटो हवाच, असं ठरलं. मी लगेच रिळाचा जुना कॅमेरा काढला. (नुकताच हौसेनं घेतलेला. बायको त्याला माझी सवत म्हणते.)

"अहो, मोबाईलवर काढा की गपचूप!" बायको म्हणाली.

"मोबाईल कुणी काढायचा न्हाय! असा फोटो एकदाच निघतो!" मी गरजलो. दुर्दैवानं सगळ्यांनी ऐकलं.

या कॅमेऱ्याच्या भिंगात उजेड आत घेणारा एक झरोका असतो आणि त्याचे आकडे उलटे. आकडा लहान, तर झरोका मोठा! मी गणिताचा मास्तर. पोरानं असलं गणित सोडवलं असतं तर भोपळा दिला असता. पण एवढं वाचलं होतं की झरोका सताड उघडला की माणूस रेखीव येतो आणि मागचं सगळं विरघळतं. मागं म्हशी होत्या, कडब्याची गंज होती. मी झरोका सताड उघडला आणि दादाकाकांच्या मिशीवर नेम धरला.

इथं नानाकाकांचे संस्कार आडवे आले. थोरल्या भावाच्या बरोबरीनं कसं बसायचं? त्यांनी खुर्ची हळूच हातभर मागं सरकवली. मी बटण दाबलं.

रीळ सोलापूरहून धुऊन आलं. दादाकाकांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! शेजारच्या खुर्चीत मात्र फेटा बांधलेलं धुकं बसलेलं. नानाकाका म्हशींबरोबर विरघळले होते.

"म्हंजी आमी म्हशीत का?" नानाकाका कडाडले.

"काका, तुम्ही खुर्ची मागं घेतली म्हणून..."

"मान दिला त्येची ही शिक्षा व्हय? आदी बांध कोरला, आता माझं तोंड बी! दादानंच सांगितलं आसंल तुला!"

बोलणं पुन्हा बंद! "मास्तर, लई उपकार झाले," दादाकाकांनी मला सुनावलं. काकू रडल्या.

दोघांच्या पाया पडून, हाता-पाया पडून मी त्यांना पुन्हा बसवलं. या खेपेला झरोका सोळावर, म्हणजे टाचणीच्या भोकाएवढा. पुढचं-मागचं सगळं स्पष्ट! मात्र एवढ्याशा भोकातून पुरेसा उजेड यायला ते जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, हे पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं. मी त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो.

दुसरा फोटो आला. काळाकुट्ट! दोघं भाऊ डोक्याला डोकं लावून तो उन्हात धरून बघत राहिले.

"नाना, ह्यात तू कुठं हाईस रं?"

"तुमच्या शेजारीच की, दादा. पर तुमी कुठं हाय?"

आणि दोघं फुटल्यासारखे हसले. मला इतका राग आला, की कॅमेरा आडात टाकावा!

बांधावरून त्यांचं अजूनही पटत नाही. पण घरातलं सर्वांत मोठं गाढव कोण, यावर त्यांचं एकमत झालं आणि तेव्हापासून दोघं रोज चहाला एकत्र बसतात. बोलायला विषय लागतो ना. तो मी पुरवलाय!