भाट्याच्या खाडीवरची चिमा

त्या काळी भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता. पावसकडच्या माणसाला रत्नागिरीच्या बाजारात जायचं तर खाडीपर्यंत चालत यायचं आणि महिपतच्या होडीतून पलीकडे राजिवड्याला उतरायचं. एकोणीसशे सत्तावीसच्या उन्हाळ्यात महिपत तापाने गेला आणि होडी वाळूवर उपडी पडून राहिली. त्याची बायको चिमा तेव्हा तिशीचीही नव्हती. पदरात दोन लहान मुली. धाकटा दीर गंगाराम म्हणाला, "वैनी, होडी इकून टाक. माह्येरी जा."

माहेरी खाणारी तोंडं आधीच पुष्कळ होती. एका सकाळी चिमा किनाऱ्यावर गेली आणि दूर उत्तरेला किल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे, तिकडे तोंड करून उभी राहिली. महिपत गेल्यापासून तिने देवीला हात जोडले नव्हते. रागच होता तिचा. "आई, मना फुडचा कायच दिसत नाय," ती म्हणाली. "तुला दिसतंय ना? मग झाला." पदर खोचून तिने होडी पाण्यात लोटली.

बाईच्या हातात वल्हं बघून लोक थबकत. काहीजण तर मैलभर वर चालत जाऊन दुसऱ्या होडीत बसत. पहिल्याने बसला तो राजिवड्याचा म्हातारा दोरवाला युसुफ. "नेणारा अल्ला हाय," तो म्हणाला. "बाय काय नि बापया काय."

भाद्रपदातल्या अवसेला होडीत युसुफचाचा होता, मांडवीला माहेरी निघालेली दिवस भरलेली हौसा होती, भागोजी पाथरवट होता, आणि घरचं जातं बरोबर घेऊन त्याला टाकी लावून घ्यायला निघालेली मथुरा होती. अवसेची ओहोटी जोरात लागली होती, त्यात वर घाटाकडे पाऊस होऊन नदीला लोंढा आलेला. मध्यावर एक ओंडका वाहत आला आणि एक वल्हं मोडून गेला. होडी गरगरली. बघता बघता खाडीचं तोंड मागे पडलं आणि लाटा अंगावर यायला लागल्या.

चिमाने नांगर टाकला, पण तो वाळूत घसरत निघाला. हौसा रडायला लागली. चिमाच्या डोळ्यांसमोर घरच्या दोघी मुली आल्या. मग एकाएकी तिचं मन थाऱ्यावर आलं. ज्याने हे पाणी बाहेर ओढलन्, तोच ते परत आत आणणार, रोज आणतो. आपण फक्त तोवर टिकायचं.

"मथुराकाकी, जाता द्या," ती म्हणाली.

भागोजीने नांगर वर ओढून धरला. युसुफचाचाने जात्याच्या वरच्या दगडी तळीच्या भोकातून दोर घालून ती नांगराला करकचून बांधली. दोघांनी मिळून ते धूड पाण्यात सोडलं. होडी हिसका खाऊन थांबली.

"आता गे?" हौसाने विचारलं.

"आता भरतीची वाट बघायची. देवाचा नाव घे, नि पाणी उपस."

सगळे पाणी उपसत राहिले. युसुफचाचा कलमा पुटपुटत होता, मथुरा भगवतीला हाका मारत होती. ऊन कलायला लागलं तसा दोर सैल पडला आणि होडीने हळूच तोंड फिरवलं. भरती लागली होती. भागोजी दोर कापायला निघाला तर मथुरा आडवी आली, "माजा जाता नाय सोडायचा." सगळे भिजलेले, दमलेले, तरी खो खो हसले आणि जातं ओढून वर घेतलं. उरल्या वल्ह्याने चिमाने होडी लाटांच्या पाठीवर ठेवली. लाटांनीच ती मांडवीच्या वाळूवर नेऊन टेकवली. किनाऱ्यावर जमलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात धावली. त्याच संध्याकाळी माहेरच्या घरी हौसाला मुलगी झाली.

आता आपल्या होडीत कोण बसणार, या विचारातच चिमा दुसऱ्या दिवशी धक्क्यावर आली. तिथे माणसांची रीघ लागली होती. नवं वल्हं खांद्यावर घेऊन गंगाराम उभा होता. "वैनी, सागाचा हाय," एवढंच तो बोलला.

पुढची सगळी वर्षं ती होडी चालली. एकोणीसशे छत्तीसला थोरली लेक राही वल्हवू लागली. मृगाआधी आंब्याच्या पेट्यांनी होडी काठोकाठ भरायची, आणि त्या पेट्यांवर ऐसपैस बसून चिमा पलीकडच्या काठावरल्या लोकांना ओरडून सांगायची, "थांबा रे बाबांनो, येतंय मी. सगळ्यांना नेतंय."