गिरणीवरची चौकशी

कुणाच्या घरात काय चाललंय ते मला विचारू नका, असं मी म्हणते खरी, पण मला ते सगळ्यांच्या आधी कळतं. सातपूरच्या कामगार कॉलनीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईला नाही कळणार तर कुणाला कळणार? माणसं इस्त्रीचे कपडे घालून फिरतील, गाडी पुसून दारात लावतील, पण घरात काय शिजतंय ते दळणाच्या डब्यातून माझ्यासमोर येतंच.

हे गेल्यापासून गिरणी मी एकटीच बघते. दगडाला टाकी लावून खाचा पाडणं, पट्टा चढवणं, सगळं शिकले. तोंडाने मी फटकळ, हे कॉलनीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. कुणी म्हणालं की जाड दळलंत, की मी म्हणायची, "मग बस की बाई घरी जातं घेऊन, कोण नको म्हणतंय!" बायका हसायच्या, मीही हसायची. सासूबाईंनी मात्र गिरणी हातात देताना मला बजावलं होतं की कुणाच्या डब्यात काय आलं हे दुसऱ्यापाशी बोलायचं नाही. एवढं एक मी वीस-बावीस वर्षं पाळलं. एकदाच मोडलं, ते सांगते.

कॉलनीच्या मागच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनायचे. आमच्या गल्लीतली निम्मी घरं तिच्यावर चालायची. तीन पाळ्या होत्या, तीनदा भोंगा व्हायचा, आणि माझी गिरणी त्या भोंग्यावर चालायची. पहिली पाळी सुटली की डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. मग तिसरी पाळी बंद झाली. तात्पुरती आहे म्हणाले. मग कंत्राटी पोरांना घरी बसवलं. पेठ-सुरगाण्याकडची पोरं होती ती, एकेका खोलीत पाच-सहा जण राहायची आणि शनिवारी सगळ्यांची मिळून एक गोणी घेऊन यायची. त्यातली काही गावी गेली, काही द्राक्षबागांच्या कामाला लागली. खोल्यांना "भाड्याने देणे आहे" असे कागद लागले आणि ते कागद उन्हाने पिवळे पडले तरी निघाले नाहीत.

दळणही बदललं. स्टीलचे मोठे डबे जाऊन पिशव्या आल्या. गव्हात बाजरी मिसळून यायला लागली. त्या दिवाळीला भाजणी दळायला फारसं कुणी आलंच नाही. दुपारी मशीन बंद करून मी बाकावर टेकायची, तेव्हा मागून कंपनीची घरघर ऐकू यायची. तिच्यावर माझा डोळा लागायचा. एका दुपारी काही केल्या झोप येईना. का येत नाही म्हणून उठून बसले, तर घरघर थांबलेली. दुपारची पाळीही बंद केली होती, आता सकाळचीच उरली. रस्त्यावर कुणी काही बोलत नव्हतं, पोरं क्रिकेट खेळत होती, भाजीवाला ओरडत होता. मी उठून उगाचच मशीन सुरू केलं आणि रिकामंच फिरवलं.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक कुटुंब राहतं. नवरा कंपनीत फोरमन, कंपनी सुरू झाल्यापासूनचा. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणते. हे गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही, दोन्ही वेळचं जेवण वहिनींनी आणलं. बाई टापटिपीची. गहू लोकवनच लागायचा, आणि असा निवडून आणायची की खडा दाखवा आणि बक्षीस घ्या. एकच मुलगी, डिप्लोमा झालेली, हुशार. तिला सटाण्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा इथेच नाशकात नोकरीला, गावाकडे घरची कांद्याची आडत. मुलामुलीची पसंती झाली, साखरपुड्याची तारीख काढायची बाकी होती.

एक दिवस वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, कंपनीचं काही खरं नाही. यांचा पगार कधी होतो, कधी होत नाही. गेटला टाळं लागायच्या आत हिचं झालं पाहिजे बघा. एकदा बातमी फुटली की आमच्या दारात कोण उभं राहणार?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, "होईल हो, तुम्ही कशाला घोर लावून घेता!"

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. दळण टाकायच्या आधी मी डब्यात खालपर्यंत हात घालते. चुकून खिळाबिळा असला तर दगड जातो. वहिनींच्या डब्यात हात घातला, तर वर चार बोटं लोकवन आणि खाली बारीक, मळकट, गोदामाचा वास मारणारा गहू. रेशनचा. त्यांच्या कार्डावर रेशनचं धान्य मिळत नव्हतं, म्हणजे कुणाकडून तरी गुपचूप घेतलेला. मी वर बघितलं. वहिनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या, जणू त्या महिन्यात त्यांना काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं.  मी डबा उचलला आणि ओतला.  फोरमनच्या घरात हे, तर बाकीच्यांचं काय?

पुढे दोन-तीन वेळा तसंच झालं. त्यांनी लपवायचं, मी बघितलंच नाही असं करायचं. आणि मग एका संध्याकाळी, चार बायका बसलेल्या असताना, वहिनींनी पिठाचा डबा हातावर तोलला आणि म्हणाल्या, "ताई, पीठ कमी वाटतंय. मागल्या खेपेलाही कमीच होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. गिरणीवालीला पीठचोर म्हणणं म्हणजे काय ते गिरणीवालीलाच ठाऊक. मी म्हटलं, "असं? तुमच्या पिठावर माझं घर चालतं वाटतं! घेऊन जा दुसरीकडे, गंगापूर रोडला जा, तिथे तयार पिठाच्या पिशव्या मिळतात चकचकीत!"  वहिनी डबा उचलून गेल्या. बाकीच्या बायका पदराआड हसल्या, आणि त्या कुणाला हसल्या ते मला आजही कळलेलं नाही. आठ दिवस आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

नेमकी त्याच आठ दिवसांत एक अनोळखी बाई गिरणीवर आली.

आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी चौकशी होते. उघड कुणी येत नाही. किराणा दुकानात कुणी साखर घेत घेत विचारतं, कुणी दूधवाल्याला गाठतं, आणि गिरणी तर हक्काचीच. ही बाई पिशवीत थोडी हरभऱ्याची डाळ घेऊन आली होती. इतकी थोडी की त्यावरूनच मी ओळखलं, बेसन हे निमित्त आहे. बाकावर बसली, गार पाणी मागितलं आणि म्हणाली, "मावशी, ते फोरमन राहतात ना इथे, कसं शे हो त्यांचं घर?" मग हसून सुधारलं, "कसं आहे म्हणते मी. आमच्या भाच्यासाठी बघितली आहे त्यांची मुलगी. मी आत्या त्याची."

मला काय सांगता आलं असतं? मुलगी सोन्यासारखी आहे, हे खरंच होतं. वहिनींनी तेरा दिवस मला जेवू घातलं, हेही खरं होतं. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण ते चार बायकांतलं "पीठ कमी वाटतंय" माझ्या डोक्यात नुसतं ठणकत होतं. मी म्हटलं, "घर छानच आहे हो. वर लोकवन, खाली रेशन."

बाईने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे?"

तिथे तरी थांबायचं! पण जीभ सुटली ती सुटलीच. म्हटलं, "म्हणजे काय, कंपनीची धुगधुगी राहिली आहे. पगाराचा पत्ता नाही. तुम्ही काय ते समजा."

तिने बेसनाची गरम पिशवी घेतली, पैसे ठेवले आणि गेली. कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत बराच वेळ उभी होती. मला धावत जाता आलं असतं. हात धरून म्हणता आलं असतं, बाई, मी रागात बोलले, तुम्ही मुलीकडे बघा. मी जागची हलले नाही. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला बरं वाटत होतं. रिक्षा गेली, आणि मग मी मशीन बंद करून बाकावर बसले.

पंधरवड्यात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर पहिल्याच दिवशी बघून झाली होती. महिनाभरात कंपनीच्या गेटवर कागद लागला. सकाळच्या पाळीची माणसं डबे हातात घेऊन तो कागद वाचत उभी होती, कुणी आत जाईना, कुणी घरी जाईना. फोरमन त्यांच्यातच होते. त्या दिवशी गल्लीत भांडंसुद्धा वाजलं नाही.

त्यानंतर रेशनचा गहू उघड यायला लागला, घरोघरचा. मी दळत होते आणि पहिल्यांदाच नीट बघत होते. धूळ, कोंडा, पोखरलेले दाणे. निम्मा तर भुसाच उडतो. त्यात घट जास्त येते. वहिनींचं पीठ खरंच कमी भरत होतं. मी चोरलं नव्हतं आणि त्याही खोटं बोलल्या नव्हत्या. ज्या बाईने उभ्या जन्मात पीठ हातावर तोललं नाही, ती मूठभर पिठासाठी चारचौघींत तोंड उघडते, तेव्हा तिच्या घरात काय वेळ आली असेल? जन्म गिरणीत गेला माझा, आणि एवढं कळू नये! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एक दिवस वहिनी आल्या. सोबत मुलगी होती. तिने एका कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली होती, त्या दिवशी तिची सुट्टी होती. वहिनी जणू काही झालंच नाही अशा बोलायला लागल्या. मी पिशवी ओतत होते, तेव्हा म्हणाल्या, "ताई, त्या मुलाची आत्या म्हणे आपल्या कॉलनीत येऊन गेली होती चौकशीला. गिरणीवरही आली होती म्हणतात. मी यांना म्हटलं, गिरणीची काळजी नको. ताई माझ्याशी भांडतील, पण माझ्या पाठीमागे वाईट बोलायच्या नाहीत. मग दुसरं कोण बोललं असेल हो?"

मी खटका दाबला. मशीन सुरू झालं. मला वाटलं, आता ऐकू येणार नाही. वहिनी पुढे वाकून मोठ्याने म्हणाल्या, "कोण असेल, ताई?"

"मला काय माहीत!" मी ओरडले. बाकावरच्या दोघींनाही ऐकू गेलं.

मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे ना आई. काकूंना कसं माहीत असणार?" हे ती आईला म्हणाली, पण बघत होती माझ्याकडे, सरळ, पापणी न लववता. त्या मुलाने तिला खरं काय ते सांगितलेलं होतं.

तेव्हापासून दळण घेऊन तीच येते. आईला येऊ देत नाही.