दहा मिनिटं

"पाणी पडायचं थांबलं की दहा मिनिटांत फरशी वाळते," असं गुणवंत देवस्थळी एकदा म्हणाले होते.

आखातातल्या अल कुसैसच्या वर्कशॉपमध्ये ते थंड देशांत जाणारे सेन्सर सेट करत. बर्फ पडू लागला की सेन्सरने फरशीखालचं हीटिंग चालू करायचं आणि बर्फ थांबल्यावर ठरलेल्या वेळाने बंद करायचं. पडणारा बर्फ गुणवंतांनी कधी पाहिलाच नव्हता. जुलैत त्यांनी फ्रीजमधला बर्फ किसून चाचणी घेतली आणि ती वेळ दहा मिनिटं ठेवली. बाहेर शेहेचाळीस डिग्री होते.

जानेवारीत थंड देशातल्या एका कस्टमरचा फॅक्स आला. मॅनेजर डेन्झिलने तो पुढे सरकवला.

"गुणवंतराव, हीटिंग लवकर बंद झालं. वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं. दवाखान्याच्या उतारावर एक म्हातारी घसरली."

"वाचली ना?"

"नाही." डेन्झिलने आवाज खाली आणला. "सेटिंग कस्टमरनेच बदललं, असं लिहून टाकू. तुम्ही फक्त हो म्हणा, खलास."

गुणवंतांनी हातातला पाण्याचा ग्लास घाईने खाली ठेवला. टेबलावर सांडलेलं पाणी एसीच्या वाऱ्यात आक्रसत गेलं. डाग पुरता नाहीसा होईपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी फॅक्सखाली लिहिलं : दहा मिनिटं मी ठेवली. सही केली, पेन तिथेच ठेवलं आणि ते बाहेर पडले.