डागासकट

आमच्या मावसाजींनी वर्धा जिल्ह्यातली निम्मी माणसं लग्नाच्या मांडवात पाहिली आहेत आणि उरलेली निम्मी, साठी उलटल्यावर, तोंडाच्या आतून. हे दुसरं काम त्यांच्या हाती माझ्यामुळे आलं, म्हणून त्यांच्यावर चार शब्द लिहिण्याचा हक्क माझा आहे असं मी समजते. मावशीला हा हक्क मान्य नाही. तिच्या मते मावसाजींवर लिहायचं तर पस्तीस वर्षं त्यांच्यासोबत राहिलेल्या माणसानं लिहावं. पण तिला वेळ नाही, कारण ती दिवसभर त्यांचा चष्मा शोधत असते. तेव्हा नाइलाजानं हे काम माझ्याकडे आलं आहे.

वर्ध्याच्या नालवाडीत त्यांचा फोटो स्टुडिओ. त्यांची खरी ख्याती होती ती पांढऱ्या रंगाची. आमच्याकडे बुद्धविहारातल्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात. त्यात मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन, मागे चुना मारलेली भिंत आणि वरातीतला प्रत्येक काका पांढऱ्या शर्टात. दुसऱ्या कोणी फोटो काढला तर नवरीच्या जागी नुसतं लख्ख भोक दिसायचं आणि वर एक चेहरा आणि जोडलेले हात तरंगायचे. मावसाजींच्या फोटोत मात्र साडीची घडी न् घडी मोजून घ्यावी. "पांढरं काई एक नसते," ते सांगत. "साडीचं येगळं, भितीचं येगळं, डोयातलं येगळं. तिघंई सुटे सुटे दिसले पायजे." वधूवरांवर फुलं पडतात तो क्षण टिपण्यात तर त्यांचा हात कोणी धरू शकला नाही. फुलं जमिनीवर पडल्यानंतर फोटो काढणाऱ्या माणसाला ते फोटोग्राफर म्हणतच नसत. त्याला ते झाडूवाला म्हणत.

पण या माणसाला एक खोड होती. फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीही दिसलं, की ते त्यांना पुसावंसं वाटायचं. मुरूम, वांग, देवीचे व्रण, सुरकुत्या, सगळं. ही आपण समाजाची सेवा करतो अशी त्यांची मनापासून समजूत. एकदा भरतीच्या एका उमेदवाराचा अर्ज परत आला, कारण अर्जात ओळखीची खूण म्हणून 'डाव्या भुवईवर जखमेचा व्रण' लिहिलं होतं आणि मावसाजींच्या फोटोत भुवई नवीकोरी होती. तो भांडायला आला तर हे त्यालाच विचारतात, "खून अर्जात लेखी देली न तू? मंग फोटोत कायले पायजे?" या खोडीतून त्यांचं स्वतःचं लग्नही सुटलं नाही. मावशीच्या समोरच्या दोन दातांत चांगली बोटभर फट आहे. लग्नात एक पाकळी नेमकी तिच्या तोंडात गेली आणि ती खळखळून हसली. मावसाजींच्या मित्रानं नेमका तोच फोटो घेतला. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मावसाजी निगेटिव्हवर शिसपेन्सिल घेऊन बसले आणि त्यांनी ती फट भरून काढली. तो फोटो अजून बैठकीत आहे. पाहुणा आला की मावशी बोट दाखवून सांगते, "चांगली होती न? यायची पयली बायको हाय ते." नवा पाहुणा यावर काय बोलावं न कळून चहा लवकर संपवतो.

आता माझा भाग. मी दातांची डॉक्टर. समोरच्या दातावर कॅप बसवायची असेल तर शेजारच्या दाताचा फोटो नागपूरच्या लॅबला पाठवावा लागतो. तिथला कारागीर तो पाहून कॅपवर रंग चढवतो. मी मोठ्या हौसेनं कॅमेरा घेतला, दाताएवढी वस्तू टिपणारी लेन्स घेतली, लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश घेतला. फोटोत प्रत्येक दातावर एकेक चकचकीत वाटोळं उमटलं आणि दाताचा रंग कुठे दिसेना. मावसाजींना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "पोट्टे, हे दात नाई. हे लाइटच्या दुकानाचं उद्घाटन हाय." आणि कॅमेरा 'एका दिवसासाठी' घरी घेऊन गेले, तो तीन आठवड्यांनी परत आला.

त्या तीन आठवड्यांत मावसाजी शिकत होते. आधी माझ्याबरोबर नागपूरला, दातांचे फोटो काढायला शिकवणाऱ्या वर्गाला आले. डॉक्टरांसाठीच्या त्या वर्गात हा एकटाच माणूस सफारी घालून, हातात लग्नाच्या ऑर्डरी लिहायची वही घेऊन पहिल्या रांगेत बसला. शिकवणारे सर माझ्याहून लहान. ते सांगू लागले, की दाताचा पांढरा जळू न देता गालाचा रंग राखणं सर्वांत अवघड. मावसाजी उठून उभे राहिले आणि मे महिन्यातल्या पांढऱ्या साडीचा सगळा हिशेब त्यांनी मांडला: उजेड समोरून मारायचा नाही, दोन्ही बाजूंनी, गाळून, तिरपा सोडायचा, मग घडी दिसते. सर आधी हसले, मग त्यांनी हातातला खडू पुढे केला. दुपारी सर आमच्या शेजारी बाकावर होते आणि मावसाजी फळ्यापाशी.

गोल फ्लॅश गेला. लेन्सच्या दोन बाजूंना करवल्यांसारखे दोन छोटे फ्लॅश आले, त्यांच्या तोंडावर श्रीखंडाच्या डब्याची पांढरी झाकणं कापून बसवली. सरावाला तोंड कोण देणार? म्हणून मक्याचं कणीस आलं. दाणे म्हणजे दात. त्यांवर तुपाचा हात फिरवला की ओले दिसत. त्या महिन्यात मावशीकडे रोज मक्याची भाजी होती. कणसाचा कंटाळा आला तेव्हा त्यांनी शेजारची म्हैस धरली आणि दवाखान्यात मला फोन आला. "डाक्टर, हिचे वरचे समोरचे सारे दात पडले वाटते. एकई नाई!" मी म्हटलं, "मावसाजी, कोणत्याच म्हशीला नसतात." "मंग फोटो अर्धाच येईन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. जिच्या माहेरी सहा म्हशी होत्या त्या मावशीनं कपाळावर हात मारून घेतला.

मग ते माझ्या दवाखान्यात येऊ लागले, स्कूटरवर, एका खांद्याला कॅमेरा आणि दुसऱ्याला थर्मास. थर्मासमध्ये गरम पाणी, कारण तोंडात धरायचा आरसा कोमट नसला तर श्वासानं धुरकट होतो. पण पेशंटना वाटे चहा आहे, आणि दोघांनी तर कपही मागितला. पेशंट खुर्चीत बसला की मावसाजी खिशातून कंगवा आणि पावडरचा डबा काढत. शेवटच्या दाढेचा फोटो असला तरी आधी भांग सरळ. "मावसाजी, फोटोत केस येत नाहीत," मी म्हणे. "त्याले तं माहीत हाय न आपले केस विस्कटले हायेत," ते म्हणत, "मंग तोंड कसं उघडीन मोकयं?" ओठ-गाल दूर धरणारा प्लास्टिकचा चाप लावून माणसाचं तोंड चारी दिशांना ताणलेलं असायचं, आणि त्याला हे सांगत, "हं, आता जरासे हसा." गंमत म्हणजे लोक डोळ्यांनी हसतही.

अशात आमच्या नालवाडीतल्याच एक कंडक्टरताई आल्या. वर्धा-पवनार-सेलू गाडीवर त्यांची ड्यूटी. गावी हापशीचा दांडा उसळून तोंडावर बसला आणि समोरचा दात अर्ध्यातून गेला. तेव्हापासून त्या तिकिटाचं मशीन तोंडासमोर धरून बोलत. स्टॉपचं नाव ओरडायचं सोडून नुसती घंटी मारत, आणि पवनारला उतरायची माणसं धाम नदीचा पूल मागे टाकून पुढे जात आणि मग भांडत. "पुऱ्या गाड्याईत माहा आवाज नंबर एक होता, मॅडम," त्या मशीनच्या आडून म्हणाल्या. "आता मशीनसंगच बोलतो मी." त्यांना एवढंच हवं होतं, की हात आडवा न धरता पवनारचं नाव घेता यावं. लहानपणी बोअरचं पाणी पिऊन त्यांच्या दातांवर पांढरट पट्टे उठले होते आणि मध्ये एकेक तपकिरी डाग. जोडीचा दात करायचा तर तसाच करायला हवा होता.

मावसाजींनी फोटो घेतला. "जरा घरून साफसूफ करून आनतो," म्हणाले. बाहेर पेशंटची रांग, मी हो म्हटलं आणि त्यांनी आणलेला फोटो नीट न पाहता नागपूरला पाठवून दिला. कॅप आली. बसवून पाहिली आणि ताईंच्या हाती आरसा दिला. पांढराशुभ्र, निर्मळ, जाहिरातीतला दात. त्यांनी आरसा जवळ-लांब करून पाहिला. "चांगला हाय, मॅडम. पन हा माहा नाई. कोनाचा तरी सांभायाले ठेवून घेतल्यावानी वाटते." आणि मशीन पुन्हा तोंडासमोर गेलं.

मला स्वतःचाच भयंकर राग आला. पण मी काही बोलायच्या आत मावसाजी थर्मास खाली ठेवून पुढे आले. "ताई, तो डाग मी पुसला. कंप्युटरवर."

"काऊन पुसला, काका? तो तं माहाच होता."

भरतीच्या उमेदवारालाच उलटा प्रश्न विचारणारे मावसाजी इथे चष्मा काढून पुसू लागले. "सवय," एवढंच म्हणाले. ताई उठता उठता मला म्हणाल्या, "आता एक डाव पाहा, मॅडम. नाई जमलं तं राहू द्या. झाकून बोलाची सवय मलेई होऊनच राह्यली." त्या दिवशी मावसाजी चहा न घेता घरी गेले. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस त्यांनी बाजारात डाग पडलेली कणसं शोधली. "काका, चांगले सोडून खराब काऊन निवडून राह्यले?" भाजीवाली विचारी. हे म्हणत, "मले खराबच शिकाचे हायेत." दातावरची चमक हीच मुळात डाग झाकते, हे त्यांच्या ध्यानात आलं. दोन्ही फ्लॅशवर एकेक आणि लेन्सवर एक अशा काळसर काचा एकमेकींना आडव्या फिरवल्या की चमक मरते आणि आतले ढग, पट्टे, डाग जसेच्या तसे उघडे पडतात. मी त्यांना आणखी एक सांगितलं: तोंड उघडं राहिलं की दात वाळतो, आणि वाळला की खोटा पांढरा दिसू लागतो, तेव्हा जे काय ते मिनिटभरात. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे फुलं पडाच्या आत."

ताई पुन्हा आल्या. मावसाजींनी त्यांचे केस नीट करायला कंगवा दिला. पावडरचा डबा काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला. चाप लावला, रंग जुळवायची पट्टी दाताशेजारी धरली. "हलू नका, ताई. फुलं टाकून राह्यलो." चार वेळा प्रकाश पडला आणि संपलं, ताईंची जीभ कोरडी पडायलाही वेळ मिळाला नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून माझी बोटं मिटली. "हे आत्ताच पाठव. मले घरी नोको नेऊ देऊ."

तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या कारागिराचा फोन आला. आजवर माझ्या फोटोंवर त्यानं फक्त उसासे टाकले होते. "मॅडम, ये फोटो किसने निकाला? दाताच्या आतलं दिसून राह्यलं इथं!" मी फोन मावसाजींच्या कानाला लावला. ते ऐकत होते आणि मोकळ्या हातानं उगाचच स्वतःचा भांग सरळ करत होते.

कॅप आली, बसली. पट्टे तेच, डाग तोच, अगदी किंचित तिरपा. क्षणभर मीच चुकले, की यातला माझा कोणता. ताईंनी आरसा घेतला, बोटानं एकेक दात चाचपला आणि विचारलं, "कोनता हाय, मॅडम?" मावसाजींनी टाळीच वाजवली. आणि मग ताई हसल्या, अशा मोठ्यानं की बाहेर बसलेला पेशंट दार ढकलून आत डोकावला. जाताना तिकिटाचं मशीन टेबलावर विसरून गेल्या आणि ते न्यायला पुन्हा हसत आल्या.

दुसऱ्या दिवशी मावसाजींनी मला दवाखाना बंद करायला लावून पवनारच्या गाडीत बसवलं. पूल आला आणि गाडीच्या मागच्या टोकाकडून आवाज उठला, "पवनाऽऽर! पवनारवाले, उठा, उतरा!" समोर डुलक्या घेणारे एक आजोबा दचकून उभेच राहिले, आणि त्यांना उतरायचं सेलूला होतं. मावसाजी छाती काढून बसले होते. आम्ही उतरलो, आणि तीच गाडी परत येईपर्यंत ते स्टॉपवरच थांबले, कारण येताना वर्ध्याचं नाव ऐकायचं होतं.

आता स्टुडिओच्या पाटीवर 'लग्न, वाढदिवस, पासपोर्ट व दात' असं लिहिलं आहे. हिंगणघाटचे, आर्वीचे डॉक्टर त्यांना बोलावतात. कोणी म्हणालं, काका, जरा उजळ करून द्या, तर म्हणतात, "उजाळाचे दिवस गेले, सायेब." जुने अल्बम चाळताना मात्र मध्येच थांबतात. किती जणांचं काय काय पुसलं, कोणाला विचारलंही नाही, असं मला एकदा म्हणाले. त्यातले बरेच आता राहिले नाहीत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले तर बैठकीत लग्नाच्या फोटोशेजारी एक नवा फोटो लागला होता. मावशी हसते आहे. केस पांढरे, डोळ्यांभोवती सुरकुत्या, आणि समोरच्या दातांतली ती फट, श्रीखंडाच्या झाकणातून गाळलेल्या उजेडात, जशीच्या तशी. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली, फोटोसमोर माझ्याजवळ उभी राहिली. "पस्तीस वर्सं लागले यायले," ती म्हणाली, "मले घरात आनाले." मावसाजी तिकडे चष्मा शोधण्याचं सोंग करत होते, चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. जुन्या फोटोकडे न बघता ते म्हणाले, "तो आता काहाडून टाकतो."

मावशीनं पुढे होऊन जुन्या फोटोच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली. "राहू द्या तिले," ती म्हणाली. "इतके वर्सं राह्यली. आता कुठी जाईन बिचारी."